वंशाचा दिवा कोण लावतो?

दिवाळीत दिव्यांविषयी लिहिण्याची आपल्याकडे रीतच आहे. तेव्हा मीही एका दिव्याविषयीच लिहिते. हा दिवा कोनाड्यात ठेवण्याचा नव्हे. तो आपल्या बोलण्यात तेवत असतो. मुलगा झाला की पेटतो, मुलगी झाली की पेटत नाही, आणि लागोपाठ तीन मुली झाल्या की त्या घरात अंधार पडला असे समजून शेजारपाजारच्या बाया हळहळायला येतात. 'वंशाचा दिवा' म्हणतात तो हाच. या दिव्याशी माझे जुने वैर आहे. छत्तीस वर्षे मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. पेशी, तिचे केंद्रक, तिचे विभाजन, गर्भाची वाढ हे सारे फळ्यावर खडूने इतक्यांदा काढले की आता डोळे मिटूनही काढता येईल. आणि दरवर्षी एक गोष्ट ध्यानात येई. समोरची मुले-मुली परीक्षेत उत्तर अचूक लिहीत. पण घरी गेल्यावर त्यांचा विश्वास त्या उत्तरावर नसे, त्या दिव्यावर असे. म्हणून हे भांडण आज चारचौघांत काढते आहे. सणासुदीला भांडण नको असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पान उलटावे; पुढे बहुधा कविता असेल.

या दिव्याच्या बुडाशी एक सिद्धान्त आहे, आणि तो चांगला जुना आहे: पुरुष हा बीज, स्त्री हे क्षेत्र. बी घालणारा तो, नांगरली जाणारी जमीन ती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज थोर की क्षेत्र थोर असा वाद चांगला रंगला आहे. एक निकाल असा की बीजच थोर. दुसरा असा की दुसऱ्याच्या शेतात बी टाकले तर पीक शेताच्या मालकाचे. मालक म्हणजे अर्थातच नवरा. दोन्ही निकालांत शेताला कुणी काही विचारले नाही.

हे पाप एकट्या मनूच्या माथी मारण्याचे कारण नाही. ग्रीकांत अॅरिस्टॉटलने हेच सांगितले. गर्भाला घाट देतो तो पुरुष, स्त्री नुसती माती पुरवते. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ४५८ साली, अथेन्सच्या रंगभूमीवर एस्किलसच्या नाटकात अपोलो देव उभा राहून भर न्यायसभेत सांगतो की आई ही मुलाची खरी जननी नव्हेच, ती नुसती सांभाळणारी. खटला मातृहत्येचा होता, हे लक्षात घ्या! आपल्याकडच्या वैद्यांचे मात्र कौतुक केले पाहिजे. चरकाने गर्भाचे अवयव आई-बापांत वाटून दिले. केस, नखे, दात, हाडे बापाची, आणि रक्त, मांस, हृदय आईचे. वाटणी चुकीची असेल, पण आईला वाटणीत बसवले तर खरे. पुढे समाजाने वैद्याचे ऐकले नाही, स्मृतिकाराचे ऐकले.

मग सूक्ष्मदर्शक आला. वाटले, आता तरी डोळ्यांना दिसेल तेच खरे ठरेल. १६७७ साली हॉलंडात लेवेनहुकने वीर्यातले वळवळणारे जीव पाहिले, आणि १६९४ साली हार्टसोकरने त्या जीवाच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक इवलासा माणूस चितारला. तसा माणूस त्याला दिसला होता असे नव्हे. असावा, असे त्याला वाटले. सस्तन प्राण्याची अंडपेशी मात्र दिसायला १८२७ साल उजाडावे लागले. कार्ल फॉन बेअरने ती कुत्रीच्या बीजकोशात शोधली. म्हणजे लहान ते आधी दिसले, मोठे ते दीडशे वर्षांनी! अंडपेशी एकेकटी असते, खोल दडलेली असते, हे खरेच. पण शेतात बी कोण शोधतो, हेही खरे.

आता या उपमेचीच थोडी झडती घेऊ, कारण मला तिचा सर्वांत मोठा राग याचा येतो की ती शेतीच्या दृष्टीनेही खोटी आहे. बी हे पुरुषाचे नसतेच! ज्या बाईने परसात भोपळ्याचा वेल लावला आहे तिला विचारा. काही फुलांच्या बुडाशी बारीकसा भोपळा असतो आणि काही फुले नुसत्या दांड्यावर उभी असतात; दुसऱ्या जातीची खुडून आपण खुशाल भजी करतो, कारण त्यांना फळ धरायचे नसते. ती नरफुले. त्यांचे देणे म्हणजे पराग. बी तयार होते ते मादीफुलाच्या पोटात, तिथल्या बीजांडापासून. बीचे टरफल सर्वस्वी आईच्या शरीराचे. ज्वारीच्या दाण्यातला जो पिठूळ भाग दळून आपण भाकरी थापतो त्यात आईच्या गुणसूत्रांचे दोन वाटे आणि बापाचा एक. ही गोष्ट १८९८ साली नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिली. तेव्हा बी म्हणजे बाप आणि जमीन म्हणजे आई हे समीकरण ज्याने मांडले, त्याने शेत बांधावरूनच पाहिले असावे. मराठी डॉक्टर अंडपेशीला 'स्त्रीबीज' म्हणतात. तो शब्द ज्याने रूढ केला त्याला माझा नमस्कार. एका शब्दात त्याने मनूचा अख्खा वाद निकालात काढला.

आता खुद्द पेशीकडे वळू.

शरीर पेशींचे बनलेले असते, हे आता सातवीतले पोरही सांगेल. पण त्या सिद्धान्ताचे दुसरे कलम लोक विसरतात: पेशी पेशीपासूनच होते, दुसऱ्या कशापासूनही होत नाही. १८५५ साली फिर्कोने हे वाक्य गाजवले. (रेमाकने ते त्याच्याआधी गर्भांच्या पेशी विभागताना प्रत्यक्ष पाहून सांगितले होते, पण तो ज्यू, त्याला पूर्ण प्राध्यापकपदही मिळाले नाही, मग श्रेय कुठले मिळणार!) या कलमाचा अर्थ नीट लावा. तुमच्या अंगातली प्रत्येक पेशी कुठल्या तरी आधीच्या पेशीचे दोन भाग होऊन झाली. ती आधीची तिच्या आधीच्या पेशीचे. असे मागे मागे जात गेले की एका पेशीपाशी पोचतो. ती पेशी कुणाची? आईची. बापाकडून आलेली शुक्रपेशी तिच्यात विरघळली, आपले केंद्रक तिला दिले; पण पेशी म्हणून जी पुढे विभागत गेली, एकाच्या दोन, दोनाच्या चार, ती अंडपेशीच.

आकाराने ती केवढी? दहांश मिलिमीटर. रांगोळीचा अगदी बारीक कण जेवढा दिसेल तेवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या काठावरची. शुक्रपेशीचे डोके त्याच्या विसाव्या हिश्श्याइतके. घनफळाचा हिशेब केला तर अंडपेशी हजारो पटींनी मोठी भरते. ज्यांच्या घरी अंडी चालतात त्यांनी बाजारचे अंडे फोडून पाहावे. आतला पिवळाधमक गोळा ही एकच पेशी आहे, आणि कोंबड्याचे देणे, मिळालेच असते तर, त्यावरच्या एका पांढुरक्या ठिपक्यात मावले असते. ज्यांच्या घरी चालत नाहीत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

बरे, ही पेशी एका रात्रीत तयार होते काय? शुक्रपेशी सव्वादोन-अडीच महिन्यांत बनते आणि कोट्यवधींनी बनते. अंडपेशीची गोष्ट निराळी. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या बीजकोशांत साठसत्तर लाख अंडपेशी असतात. जन्मापर्यंत दहावीस लाख उरतात, न्हातीधुती होईपर्यंत तीन-चार लाख, आणि त्यांतल्या चारपाचशेच काय त्या आयुष्यभरात बाहेर पडतात. यांतली प्रत्येक पेशी गुणसूत्रे निम्मी करण्याचे विभाजन जन्माआधीच सुरू करते आणि अर्ध्यावर थांबवून ठेवते. पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे, कधी चाळीस वर्षे. म्हणजे, वाचकहो, ज्या पेशीपासून तुम्ही झालात ती तुमच्या आजीच्या पोटात असताना तुमच्या आईच्या अंगात तयार झाली होती. तुमच्या आईचे लग्न तर सोडाच, तिचे बारसेही झालेले नव्हते. सासरकडच्या मंडळींनी वंशवेलीचा कागद काढला की मी हे एवढेच सांगते आणि चहा घेते.

मग ती प्रसिद्ध शर्यत. शाळेच्या पुस्तकांपासून दूरचित्रवाणीपर्यंत सगळीकडे एकच कथा: कोट्यवधी शूर वीर निघतात, वाटेत धारातीर्थी पडतात, आणि पहिला येणारा सुस्त पडलेल्या राजकन्येला वरतो. एमिली मार्टिन या अमेरिकन विदुषीने १९९१ साली पाठ्यपुस्तकांतली ही भाषा उघडी पाडली. तरी कथा चालूच आहे. वस्तुस्थिती काय? ताजी शुक्रपेशी अंडपेशीला फलित करूच शकत नाही. स्त्रीच्या जननमार्गात काही तास काढल्यावर तिच्या अंगी ती पात्रता येते. हे १९५१ साली ऑस्ट्रेलियात ऑस्टिनने आणि अमेरिकेत चांग यांनी निरनिराळे शोधले. वर चढायला गर्भाशयाच्या आकुंचनांची मदत असते. जवळ येताच अंडपेशीभोवतालच्या पेशींचे रासायनिक बोलावणे असते. आणि दाराशी? दाराशी ओळख पटावी लागते. शुक्रपेशीवर जे प्रथिन असते त्याला जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली 'इझुमो' म्हटले, विवाहासाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या देवस्थानावरून. अंडपेशीवरचा त्याचा जोडीदार २०१४ साली केंब्रिजजवळ सापडला. त्याला 'जूनो' म्हटले, रोमन लोकांची विवाहदेवता. एक आत आला की अर्ध्या-पाऊण तासात अंडपेशी आपल्या अंगावरचा सगळा जूनो झटकून टाकते. दुसऱ्याला दार बंद. याला सुस्त राजकन्या म्हणायचे असेल तर आमच्या स्वयंपाकघरात दसऱ्याच्या दिवशी राबणाऱ्या बायांनाही सुस्त म्हणा.

आत आल्यावरचे तर कुणी सांगतच नाही. शुक्रपेशी आपली गुणसूत्रे घट्ट बांधलेल्या गाठोड्यासारखी घेऊन येते. ते गाठोडे सोडते कोण? अंडपेशीतली प्रथिने. वारसाचा कागद वाचायला घेण्याआधीची पहिली दोन-तीन विभाजने कुणाच्या हुकमाने होतात? आईने आधीच लिहून ठेवलेल्या निरोपांच्या. माणसाच्या गर्भाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर जागी होतात ती चार ते आठ पेशी झाल्यावर, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. तोवर घर आईच्या शिध्यावर चालते. आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका? अंडपेशीत त्या लाखाच्या वर असतात. शुक्रपेशीबरोबर शंभराच्या आत येतात, आणि त्यांच्यावर खूण करून अंडपेशी त्यांची विल्हेवाट लावते. वंशाच्या दिव्यात तेल कुणाचे, हे यावरून ठरवा.

आता एक भला गृहस्थ म्हणेल, 'बाई, तुम्ही उलट्या टोकाला चाललात. बाप कुठे गेला?' कुठेही गेलेला नाही. तेवीस गुणसूत्रे त्याची. अंडपेशीला झोपेतून उठवणारी, तिच्यात कॅल्शियमची लाट उठवणारी ठिणगी त्याची. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या धाग्यांची जिथून मांडणी होते ते तारककेंद्र माणसात त्याच्याकडून येते. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि अमेरिकेत मॅग्रा व सोल्टर यांनी उंदरांच्या अंडपेशींत दोन्ही केंद्रके आईची घालून पाहिली, दोन्ही बापाची घालून पाहिली. दोन्ही प्रकारांत पिल्लू जगले नाही. आईच्याच केंद्रकांनी गर्भ थोडाफार धरला पण वार नीट वाढली नाही. बापाच्याच केंद्रकांनी वार वाढली, गर्भ खुरटला. जनुकांत मुद्दाम फेरफार केल्याशिवाय एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. माझे भांडण बापाशी नाहीच. ज्या हिशेबात बापाला सारी रक्कम आणि आईला फक्त जागेचे भाडे मिळते, त्या हिशेबाशी आहे.

आणि तो हिशेब नव्या वेषात परत आला आहे. हल्ली शिकलेल्या लोकांच्या फोनवर एक पंडिती मजकूर फिरतो: गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र, ऋषींना ते ठाऊक होते, म्हणून गोत्र बापाकडून मुलाकडे जाते. वा, महाराज! मग दत्तक मुलाला गोत्र मिळते ते कसे? त्याच्या पेशींत दत्तक बापाचे वाय कुठून शिरते? लग्नाच्या होमात बायकोचे गोत्र बदलते तेव्हा तिच्या कुठल्या गुणसूत्राला अक्षता लागतात? ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्र देण्याची सोय आहे. ती कोणत्या प्रयोगशाळेने केली? गोत्र ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे, आणि व्यवस्था म्हणून तिच्याविषयी जे बोलायचे ते बोलावे. तिच्या अंगावर पेशीशास्त्राचा अंगरखा चढवू नये. वाय गुणसूत्र संपूर्ण वाचून झाले ते २०२३ साली. त्यात सुमारे सव्वासहा कोटी अक्षरे आहेत, सगळ्या मजकुराच्या दोन टक्के, आणि प्रथिने घडवणारी जनुके शंभरेक. जगातली निम्मी माणसे त्याच्याशिवाय जन्मतात, हृदय चालवतात, गणित सोडवतात, म्हातारी होतात. ज्याच्यावाचून निम्म्या मानवजातीचे काही अडत नाही, त्याला वंशाचा प्राण म्हणणाऱ्याच्या धाडसाला तोड नाही.

दुसरा नवा वेष याहून सभ्य आहे आणि म्हणून अधिक घातक. तो म्हणतो, वारसा म्हणजे फक्त गुणसूत्रे. तेवीस आणि तेवीस, निम्मे-निम्मे, वाद मिटला. बाकीची पेशी म्हणजे नुसते वेष्टन. हे तर बीज आणि क्षेत्रच झाले! पुरुषाच्या जागी आता केंद्रक बसवले आणि शेत होते तिथेच राहिले. या सभ्य गृहस्थांना मी कर्नालला पाठवीन. तिथल्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली 'गरिमा' नावाचे म्हशीचे रेडकू कृत्रिम प्रतिरूप म्हणून जन्मले. त्याआधी १९९६ साली स्कॉटलंडात डॉली मेंढी. आणि मूळ युक्ती १९६२ सालची, जॉन गर्डनच्या बेडकांची. युक्ती अशी: अंडपेशीचे केंद्रक काढून टाकायचे आणि शरीरातल्या एखाद्या साध्या पेशीचे केंद्रक तिच्यात घालायचे. डॉलीचे केंद्रक सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीचे होते. वर्षानुवर्षे कासेचेच काम केलेल्या त्या केंद्रकाला सारे विसरायला लावून पहिल्या दिवसावर आणले कुणी? अंडपेशीच्या त्या 'वेष्टनाने'. २७७ प्रयत्नांत एकदा जमले; पण जमले ते तिच्यामुळे.

ताजे उदाहरणही आहे. तंतुकणिकांचे जीवघेणे आजार आईकडून मुलांकडे जातात. ते टाळण्यासाठी इंग्लंडने २०१५ साली कायदा केला, आणि न्यूकॅसलमध्ये या उपचाराने आठ मुले जन्मल्याचे २०२५ च्या जुलैत जाहीर झाले. त्यात आई-बापांची केंद्रके उचलून दुसऱ्या एका स्त्रीने दिलेल्या अंडपेशीत ठेवतात. वर्तमानपत्रांनी लगेच दिलासा दिला: त्या दुसऱ्या स्त्रीचा वाटा नगण्य, सदतीस जनुके, हजारात एकाहून कमी. अहो, आणि अख्खी पेशी कुणाची? जी विभागली, जिच्या निरोपांवर पहिले दिवस निघाले, ती कुणाची? तिला मुलाची आई म्हणा असे मी म्हणत नाही. पण मोजताना फक्त अक्षरे मोजायची आणि पाटी मोजायचीच नाही, ही मोजणी मला मान्य नाही. (आजार आईकडून येतात एवढेच वाक्य उचलून सुनेला ऐकवण्यासाठी कुणी सासूबाई टपल्या असतील तर त्यांनी ध्यानात घ्यावे की त्यांच्या मुलाच्या तंतुकणिका त्यांनीच दिलेल्या आहेत.)

हा नुसता पंडितांचा वाद असता तर मी दिवाळीत काढला नसता. याची किंमत कोण देते ते पाहा. शुक्रपेशी दोन जातींच्या असतात आणि मूल मुलगा होणार की मुलगी हे त्यांवर ठरते, हे नेटी स्टीव्हन्स या बाईने पिठातल्या किड्यांवर काम करून १९०५ साली दाखवले. तिथे अंडपेशीचा इलाज नाही. तिच्याकडे देण्यासारखे एक्सच असते. शंभराहून अधिक वर्षे झाली. तरी मुली झाल्या म्हणून टाकलेल्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलावी लागली, कारण आई-बापांनी त्यांची नावे 'नकुशी' ठेवली होती. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. आणि त्याच महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. पीक हवे तसे आले नाही तर दोष जमिनीला, ही ती जुनी उपमा अजून कामावर आहे. बापालाही मी दोष देणार नाही. कोणती शुक्रपेशी पुढे जावी यात त्या बिचाऱ्याला काही विचारले जात नाही. पण एवढे खरे की, जिच्या हाती ते मुळीच नाही तिलाच नेमके जाब विचारण्यात आपली पिढ्यान्पिढ्यांची हुशारी खर्ची पडली.

आणि वंश म्हणजे न तुटणारा धागा, असा हट्टच असेल, तर तोही हिशेब पुरा करू. पेशीत असा धागा एक बापाकडून मुलाकडे जातो, आणि एक आईकडून मुलीकडे, तंतुकणिकांच्या १६,५६९ अक्षरांचा. त्या दुसऱ्या धाग्याच्या हिशेबाने सात मुलगे झालेली, गावाने ओटी भरून गौरवलेली बाई निर्वंश ठरते. तिच्या मुलांच्या मुलांत तिच्या तंतुकणिका उरत नाहीत. आणि तीन 'नकुशी' झालेल्या बाईचे तीन दिवे लागलेले असतात. हा हिशेब मला मान्य आहे असे समजू नका. धागा एवढाच वारसा मानणे हा वेडेपणाच आहे. पण ज्याने तो काढला त्याने दोन्ही पाने वाचावीत.

माझी मागणी लहान आहे. पाठ्यपुस्तकांत फलनाचे चित्र असते: मध्ये एक वाटोळे वर्तुळ, भोवती लांब शेपट्यांचे सैनिक, आणि डोकी वर्तुळाच्या मानाने भलतीच मोठी. ते चित्र पुसून मापाने काढा. अंडपेशी जेवणाच्या ताटाएवढी काढली तर शुक्रपेशीचे डोके एका शेंगदाण्याएवढे होईल, आणि शेपटी वीतभर दोऱ्याची. शेजारी ताटात काय काय वाढलेले आहे तेही लिहा: तंतुकणिका लाखभर, प्रथिने घडवण्याची सामग्री, आईचे निरोप, दाराशी जूनो. पानावर मावत नसेल तर पान मोठे घ्या.